वीज गेली असतां

उन्हाळा आमच्या सोलापुरास नवा नाहीं. होळी पेटली कीं थंडी पळावी, पाडव्याची गुढी उतरली कीं माळ्यावरचा माठ खालीं यावा, वैशाखांत ऊन भाजून काढूं लागावें आणि मृग लागण्यापूर्वीं एकदोन वळीव धिंगाणा घालून जावे, हा क्रम आम्ही समजूं लागल्यापासून पाहत आलों आहों. त्यामुळें उन्हाळ्याविषयीं आम्हांस कोणी कांहीं शिकवावें असें कधीं वाटलें नाहीं. उलट, सारा जन्म मुलांना भूगोल व संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें आपणच दुसऱ्यांस चार गोष्टी सांगाव्या अशी खोड मात्र जडलेली होती. ही खोड गेल्या वर्षीं नृसिंहजयंतीच्या दिवशीं आमच्या अंगाशीं कशी आली, तें येथें सांगावयाचें आहे. हकीकत घरगुती आहे आणि तींत आमचा मोठेपणा कोठेंच नाहीं. परंतु जें आमच्या घरांत घडलें तें दुसऱ्या कोणाच्या घरांत घडूं नये, एवढ्यासाठीं ती लिहीत आहों.

आमचें लहानपण माळवदाच्या घरांत गेलें. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेरचा ताप आंत पोंचावयास संध्याकाळ होई आणि तोंपर्यंत आम्ही मुलें माळवदावर पाणी शिंपडून अंथरुणें टाकण्याच्या तयारीला लागलेलीं असूं. विजेचा एक दिवा ओसरीवर असे. तो गेला तर कंदील लावीत, आणि वीज गेली या गोष्टीची चर्चा तेथेंच संपे. आज आम्ही सिमेंटच्या इमारतींत तिसऱ्या, म्हणजे अगदीं वरच्या मजल्यावर राहतों. डोक्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर तें आम्हांवर ओकतो. पाणी पंपानें वर चढतें, अन्न फ्रीजमध्यें राहतें, वारा पंख्याकडून येतो. पूर्वीं वीज ही घरांतील एक सोय होती. आतां घरच विजेच्या आधारावर उभें आहे. असें असूनही जुन्या घराचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाहीं. त्या घरांतही चुलीच्या धुरापुढें बसणारीस काय होतें, हें विचारण्याची रीत नव्हती. ती रीत नव्या घरांत आम्हीं जशीच्या तशी आणली होती, हेंच आमच्या हकीकतीचें सार आहे.

नृसिंह हें आमचें कुलदैवत. नीरा व भीमा यांच्या संगमावरील नीरा-नृसिंहपूरचा तो देव. वैशाख शुद्ध चतुर्दशीस दिवसभर उपवास, सूर्यास्तसमयीं जन्म आणि नंतर पुरणाचा नैवेद्य, असा घराण्याचा रिवाज. त्या दिवशीं दुपारीं पारा ४२ अंशांवर होता. आमच्या सौभाग्यवतीचें वय बासष्ट. दोन वाजतां ती सोवळ्याचें रेशमी लुगडें नेसून स्वयंपाकघरांत शिरली. उपवास म्हणून पोटांत अन्न नाहीं, आणि मध्यें उठून सोवळें बदलावें लागूं नये म्हणून पाणीही बेताचेंच. सूनबाई मदतीस होती, परंतु तिच्यापाशीं लहान मूल असल्यामुळें ती आंत-बाहेर करीत होती.

चारच्या सुमारास आकाश काळवंडलें, वावटळ उठली आणि धुळीनें समोरचा रस्ता दिसेना. आम्हींच मोठ्यानें सांगितलें, "खिडक्या लावून घ्या!" खिडक्या लागल्या. पाठोपाठ मोठा कडकडाट झाला आणि वीज गेली. आमच्याकडे बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर आहे. पण त्याची तार दिवाणखान्यांतील पंख्यास व दूरदर्शन-संचास जोडलेली होती. स्वयंपाकघरांत छताचा पंखा थांबला, वाफ बाहेर टाकणाराही थांबला, आणि दिवाणखान्यांत आमच्या डोक्यावरचा पंखा मात्र फिरत राहिला. वीज गेल्याचें आम्हांस फारसें जाणवलेंही नाहीं. वळीव जेमतेम दहा मिनिटें पडला. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर गप्पा मारावयास आले होते. मातीचा वास सुटला होता, आणि कालिदासानें ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्मापासूनच कां केला असावा, याविषयीं आमचें निरूपण रंगांत आलें होतें. इतक्यांत सौभाग्यवती दाराशीं येऊन म्हणाली, "अहो, डोकें फार जड झालें आहे, आणि पायांत गोळे येताहेत."

आम्हीं म्हटलें, "अगं, पाऊस पडून गेला आहे, आतां गार होईल. नैवेद्य तेवढा वेळेवर होऊं दे."

हें उत्तर आम्हांस आजन्म विसरतां यावयाचें नाहीं.

साडेसहाला सूनबाईची घाबरी हांक आली. आंत जाऊन पाहतों तों ती ओट्याला टेकून खालीं बसलेली, चेहरा लाल, अंग तव्यासारखें तापलेलें, आणि सुनेला आपल्या दिवंगत बहिणीच्या नांवानें हांक मारून ती विचारीत होती, "आई विहिरीवरून आली का ग?" खालच्या मजल्यावर राहणारी एक मुलगी रुग्णालयांत परिचारिका आहे. ती धांवत वर आली. तिनें थर्मामीटर लावला. पारा १०४ च्या वर. "चालू असलेला पंखा कोठें आहे?" हा तिचा पहिला प्रश्न. आम्हीं दिवाणखान्याकडे बोट दाखविलें, तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं. पण तिनें ज्या दृष्टीनें पाहिलें तें आम्हांस पुरें झालें. तिनें सौभाग्यवतीस पंख्याखालीं निजविलें, रेशमी लुगडें काढून पातळ सुती चादर पांघरली आणि माठांतील पाणी सर्वांगावर ओतावयास लावलें. आम्ही चमच्यानें पाणी पाजूं गेलों, तर हात धरून म्हणाली, "काका, माणूस शुद्धीवर नसतां तोंडांत पाणी घालूं नका, तें श्वासनलिकेंत जाईल." मुलानें १०८ क्रमांकावर फोन केला. गाडी वेळेवर आली, पण रस्त्यांत कडुनिंब उन्मळून पडला होता. लिफ्ट बंद. खुर्चींत बसवून तीन जिने उतरविलें आणि पडलेल्या झाडावरून पलीकडे पोंचविलें. तीन दिवसांनीं ती घरीं आली. डॉक्टर म्हणाले, "रुग्णालयांत आणण्यापूर्वीं घरीं जें पाणी ओतलें, त्यानें बाई वांचल्या." त्या संध्याकाळीं देवास गूळखोबऱ्याचा नैवेद्य पोस्टमास्तरांनीं दाखविला.

आतां यांतील शास्त्र पाहूं. शरीर थंड राखण्याचें मुख्य साधन घाम. पण घाम नुसता निथळून उपयोग नाहीं, तो सुकला पाहिजे. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतली जाते. माठ गार होतो तो याच नियमानें. हवेंत आधींच बाष्प भरलेलें असेल तर माठही गार होत नाहीं आणि माणूसही नाहीं. बाहेर वळीव पडून गेलेला, आंत डाळ शिजल्याची वाफ, खिडक्या बंद आणि वारा थांबलेला. अशा खोलींतील ३६ अंश हे उघड्या अंगणांतील कोरड्या ४२ अंशांहून अधिक घातक ठरूं शकतात. पाऊस पडला म्हणजे धोका टळला, ही आमची समजूत येथेंच चुकली. पाण्याच्या कूलरचेंही असेंच आहे. कोरड्या हवेंत, एक खिडकी उघडी ठेवून, तो उत्तम काम देतो. दमट हवेंत अथवा बंद खोलींत तो बाष्पांत भर घालतो.

ही भीति एका घरापुरती नाहीं. अहमदाबादेंत मे २०१० मध्यें पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यांत नेहमीपेक्षां १,३४४ मृत्यु अधिक झाल्याचें मागाहून केलेल्या अभ्यासांत आढळलें, आणि २०१३ सालीं त्या शहरानें उष्णतेपासून बचावाची योजना आखली. हवामान खातें मैदानी प्रदेशांत कमाल तापमान ४० अंशांस पोंचून सरासरीहून साडेचार अंशांनीं वाढलें म्हणजे उष्णतेची लाट मानतें. पण खातें मोजतें तें सांवलींतील हवेचें तापमान. बंद स्वयंपाकघराचें तापमान घरच्या माणसांनींच मोजावयाचें असतें.

प्राचीनांनीं यावर विचार केला नव्हता असें नाहीं. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्या-अध्यायांत ग्रीष्मासाठीं मधुर, हलका, थंड व पातळ आहार सांगितला आहे. व्यायाम, ऊन आणि खारट-तिखट-आंबट वर्ज्य करावयास सांगितलें आहे. साखर घातलेलें सातूचें पीठ सांगितलें आहे. आणि एरव्हीं निषिद्ध मानलेली दिवसाची झोंप या ऋतूंत योग्य ठरविली आहे. हा अध्याय आम्हांस बहुतेक मुखोद्गत आहे. रुग्णालयाच्या बांकावर बसून तो मनांत घोळवीत असतां एक गोष्ट प्रथमच ध्यानांत आली. त्यांत थंड घरें आहेत, ताडाचे पंखे आहेत, ओलीं वस्त्रें आहेत. पण तो पातळ आहार रांधण्यासाठीं जी अग्नीपुढें उभी आहे, तिची दुपार कशी जावी, याविषयीं त्या अध्यायांत कांहीं नाहीं. आणखी एक. पाणी, फळें, मुळें, दूध आणि औषध यांनीं व्रतभंग होत नाहीं, असें आमच्या शास्त्रकारांनींच सांगून ठेविलें आहे. हें वचन आम्हीं शाळेंत कितीदां तरी फळ्यावर लिहिलें असेल. त्या दिवशीं दोन वाजतां तें स्वयंपाकघराच्या दाराशीं जाऊन सांगितलें असतें तर पुढची पाळी आली नसती.

त्यानंतर आमच्या घरांत कांहीं नियम घातले गेले, ते क्रमानें सांगतों.

पहिला नियम असा, कीं वीज गेली म्हणजे प्रथम माणसें मोजावीं, मग मेणबत्ती शोधावी. कोण कोठें आहे, कोण बंद खोलींत आहे, कोण एकटें आहे, कोणी सकाळपासून पाणी प्यालें आहे कीं नाहीं, हें प्रत्येकास हांक मारून विचारावें. वृद्ध, तान्हीं मुलें, गरोदर स्त्रिया, मधुमेहाचे व हृदयविकाराचे रोगी यांस आधीं वाऱ्याच्या जागीं आणावें. वृद्धांस तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, म्हणून "मला कांहीं होत नाहीं" या त्यांच्या बोलण्यावर विसंबूं नये.

दुसरा नियम बॅटरीचा. हें साधें अंकगणित आहे. १२ व्होल्टांची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास. घट वजा जातां हातीं १,२०० धरावे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, एलईडी दिवा ९. दोन पंखे व तीन दिवे मिळून १७७ वॉट झाले, म्हणजे साडेसहा तासांची बेगमी. नव्या धर्तीचे पंखे सुमारें ३० वॉटांवर चालतात. तेच दोन पंखे व तीन दिवे मग ८७ वॉटांत भागतात आणि बॅटरी तेरा तासांवर पुरते. आम्हीं दोन पंखे बदलले आणि तार फिरवून घेतली. आतां ती स्वयंपाकघरांतील वाफेच्या पंख्यास व आमच्या निजण्याच्या खोलीस गेली आहे. दूरदर्शन-संच अंधारांत बसतो.

तिसरा नियम वादळाचा. आमच्याकडे उन्हाळ्यांत गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत असतात आणि ढग आले कीं बायकामुलें तिकडे धांवतात. येथें आकडे मोजावयास शिकावें. आवाज तीन सेकंदांत सुमारें एक किलोमीटर जातो. चमक दिसल्यापासून तीस मोजण्याच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे असें समजून गच्चीवर पाऊल टाकूं नये. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊं द्यावा. कुरडया भिजल्या तर पुन्हां घालतां येतात. त्या वेळांत नळाखालीं भांडीं घासणें, स्नान करणें, लोखंडी गजांना धरून उभें राहणें टाळावें. फ्रीज, पंप, संगणक यांच्या पिना ढग दिसतांच काढून ठेवाव्या. कडकडाट सुरू झाल्यावर त्यांस हात लावूं नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें "दामिनी" हें ॲप भ्रमणध्वनीवर विजांची सूचना देतें. आमच्या मुलानें तें घेतलें आहे. वादळानंतर रस्त्यावर तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असें कधींही समजूं नये. दुरूनच लोकांस थांबवावें आणि १९१२ या क्रमांकावर कळवावें. तारेला चिकटलेल्या माणसास ओढावयास धांवूं नये, नाहींतर एकाचे दोन होतात.

चौथा नियम पाण्याचा व अन्नाचा. पंप बंद पडला तर नळ कोरडे, म्हणून दोन बादल्या व एक हंडा चैत्रापासून मृगापर्यंत भरलेला असतो. पिण्याच्या पाण्याचे माठ दोन. फ्रीज न उघडल्यास चार तास थंड राहतो. पोरांनीं दर घटकेस उघडून पाहिल्यास तेवढाही राहत नाहीं. पोस्टमास्तरांचें इन्सुलिन वीज गेली म्हणजे एका कोरड्या डबींत घालून लहान मडक्यांत, आणि तें मडकें ओल्या वाळूंत ठेवतात. वाळू ओली राहिली कीं आंत गारवा राहतो. पिण्यास पन्हें, ताक, कोकमाचें सरबत हीं आपलीं जुनीं पेयें चांगलीं. घाम फार गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें थोडें थोडें प्यावें. ज्यांस मीठ वर्ज्य आहे त्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारावें. खिशांत कांदा बाळगण्याची आमच्या वडिलांची संवय होती. त्यानें अपाय नाहीं, पण त्याच्या भरंवशावर उन्हांत फिरूं नये.

पांचवा नियम घराचा. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांस बाहेरून पडदे, दिवसां खिडक्या बंद आणि सूर्य मावळल्यावर समोरासमोरच्या उघड्या. आम्हीं इमारतीच्या गच्चीस पांढरा चुना लावविला. खर्चाच्या मानानें गुण पुष्कळ आहे. आमच्या भिंतीवरील तापमापकांत रात्रीं दोन अंशांचा फरक पडला. आणि हवा ४० अंशांच्या वर गेली असतां नुसत्या पंख्यावर विसंबूं नये. तो तेव्हां भट्टीचा वाराच अंगावर घालतो. अशा वेळीं अंगावर ओलें फडकें हवें.

सहावा नियम ओळखण्याचा. डोकें दुखणें, मळमळ, पायांत गोळे, फार थकवा, ही पहिली सूचना. माणसास तेथल्या तेथें काम टाकावयास लावावें, सांवलींत निजवावें, पाणी द्यावें. बोलणें असंबद्ध होऊं लागलें, चाल अडखळली किंवा अंग १०४ अंशांपर्यंत तापलें, तर तो उष्माघात समजावा. प्रथम थंड करावें, मग न्यावें. गाडीची वाट पाहत हात बांधून बसूं नये. कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा, आणि शुद्ध नसेल तर तोंडांत कांहीं घालूं नये.

आणि शेवटचा नियम कुलधर्माचा. या वर्षीं नृसिंहजयंतीचा स्वयंपाक पहाटे पांच वाजतां सुरू होऊन आठाच्या आंत आटोपला. सोवळें धुतलेल्या सुती वस्त्राचें. ओट्यावर ताकाचा तांब्या. पुरण आम्हीं वाटलें. तें जाडेंभरडें झालें असें सर्वांचें मत पडलें, तरी देवानें तें गोड मानून घेतलें असावें. संध्याकाळीं पुन्हां आभाळ भरून आलें आणि वीज गेली. अंधारांत नातू मोठ्यानें मोजूं लागला: "आजोबा एक, बाबा दोन, आई तीन... आजी, तूं कोठें आहेस?"

"खिडकींत बसलें आहें रे, पंख्याखालीं," उत्तर आलें. "आणि यांना म्हणावें, आज कालिदास राहूं द्या, मला एक पेला पन्हें आणून द्या."

आम्हीं तें नेऊन दिलें, आणि मग दिवा लावला.

वाचक बंधुभगिनींस आमची एकच विनंति आहे. आपल्या घरांतील इन्व्हर्टरची तार कोणकोणत्या खोल्यांत गेली आहे आणि कोणत्या खोलींत गेलेली नाहीं, तें आज सायंकाळीं उठून पाहून घ्यावें.